मार्डचा संप नेमका कशासाठी असतो?

'मार्डचे डॉक्टर संपावर, रुग्णांचे हाल' हा मथळा दर एक-दोन वर्षांनी वर्तमानपत्रात येतोच. मार्ड म्हणजे सरकारी रुग्णालयांत तज्ज्ञ होण्याचं शिक्षण घेत काम करणाऱ्या निवासी डॉक्टरांची संघटना. चार दिवस ओपीडीबाहेरच्या रांगांचे फोटो छापून येतात, मंत्र्यांच्या दालनात बैठक होते, 'सकारात्मक चर्चा' झाल्याचं सांगितलं जातं आणि संप मिटतो. वाचणाऱ्याच्या मनातला गोंधळ मात्र तसाच राहतो. हे डॉक्टर आहेत तर त्यांना पगार, रजा, सुट्ट्या असतीलच ना? आणि विद्यार्थी असतील तर ते संप कसा करतात? वसतिगृहातल्या खोल्यांसाठी हॉस्पिटलचं काम बंद पाडायचं, हा कुठला न्याय?

प्रश्न रास्त आहेत. उत्तरं देताना मी तटस्थ असल्याचा आव आणणार नाही. निवासी डॉक्टरांच्या बहुतेक मागण्या मला योग्य वाटतात. त्या पुऱ्या होण्याची सगळ्यात जास्त गरज सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर पडलेल्या माणसाला आहे, असंही मला वाटतं. असं का वाटतं, ते मुळापासून सांगतो.

निवासी डॉक्टर म्हणजे कोण?

एमबीबीएस आणि इंटर्नशिप संपली की माणूस नोंदणीकृत डॉक्टर होतो. पुढे हाडांचा, डोळ्यांचा, बालरोगांचा किंवा स्त्रीरोगांचा तज्ज्ञ व्हायचं तर नीट-पीजी ही देशपातळीवरची परीक्षा देऊन एमडी किंवा एमएसला प्रवेश घ्यावा लागतो. हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. ही तीन वर्षं वर्गात बसून काढायची नसतात. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात राहून, रुग्ण तपासत, शस्त्रक्रियेत मदत करत आणि पुढे स्वतः शस्त्रक्रिया करत शिकायचं असतं. या काळातल्या डॉक्टरला निवासी डॉक्टर म्हणतात. पहिल्या वर्षाचा तो जेआर-वन (जेआर म्हणजे ज्युनिअर रेसिडेंट), मग टू, मग थ्री. मुंबईतल्या जुन्या रुग्णालयांत अजूनही 'हाऊसमन' आणि 'रजिस्ट्रार' हे शब्द कानावर पडतात. त्यांना दरमहा विद्यावेतन, म्हणजे स्टायपेंड, मिळतं.

महाराष्ट्रातल्या शासकीय आणि महापालिकांच्या वैद्यकीय महाविद्यालयांमधल्या अशा डॉक्टरांची संघटना म्हणजे मार्ड : महाराष्ट्र असोसिएशन ऑफ रेसिडेंट डॉक्टर्स. प्रत्येक महाविद्यालयात तिची शाखा असते, मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांची वेगळी मार्ड असते आणि सगळ्यांच्या वर मध्यवर्ती मार्ड. पदाधिकारीही विद्यार्थीच असतात. मंत्र्यांना निवेदन देऊन आलेला अध्यक्ष संध्याकाळी वॉर्डात ड्युटीवर असतो आणि त्याचा प्रबंधही लिहायचा राहिलेला असतो.

सरकारी रुग्णालय कोण चालवतं?

निदान पक्कं करणं, अवघड शस्त्रक्रिया आणि शिकवणं ही कामं प्राध्यापकांची. पण मोठ्या सरकारी रुग्णालयात रुग्णाला रात्री दोन वाजता जो डॉक्टर भेटतो, तो जवळजवळ नेहमी निवासी असतो.

प्रत्येक विभागाची युनिटं पाडलेली असतात आणि आठवड्यातला एक दिवस एकेका युनिटचा 'इमर्जन्सी डे' असतो. त्या चोवीस तासांत त्या विभागात जेवढे तातडीचे रुग्ण येतील, ते सगळे त्या युनिटचे. रात्रभर नवे रुग्ण दाखल करून घ्यायचे, रक्ताचे नमुने काढायचे, सोनोग्राफीला नेणारा कर्मचारी नसला तर ट्रॉली स्वतः ढकलत न्यायची, नातेवाइकांना समजावायचं, केसपेपर लिहायचे. सकाळ झाली की घरी जायचं नाही, कारण रात्री दाखल झालेल्या सगळ्यांचा राऊंड असतो. राऊंडमध्ये सर विचारतील त्या प्रत्येक रुग्णाचा प्रत्येक रिपोर्ट तोंडपाठ लागतो. मग ड्रेसिंग, मग पुढच्या तपासण्यांची धावपळ. चोवीस तासांची ड्युटी छत्तीस तासांवर जाते ती अशी. पहिल्या वर्षाच्या मुलांचा भार सर्वांत जास्त.

यातली बरीच कामं डॉक्टरची नाहीतच. चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांची, तंत्रज्ञांची, परिचारिकांची रिकामी पदं निवासी डॉक्टरच्या झोपेतून भरून निघतात, म्हणून तो तुटवडा बाहेरून कोणाला दिसत नाही. संप झाला की दिसतो. चारशे-पाचशे विद्यार्थी रजेवर गेल्यानं एवढं मोठं रुग्णालय ठप्प होतं, याचा अर्थ ते एरवीही त्यांच्याच जोरावर चालत होतं.

एक विद्यार्थी, तीन दारं

आता या डॉक्टरच्या तक्रारी कोण ऐकतं, ते पाहा. त्याची परीक्षा आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. विद्यावेतन आणि वसतिगृह राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, महापालिकेचं कॉलेज असेल तर महापालिकेकडे. अभ्यासक्रमाचे आणि कामाचे नियम दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे. सलग छत्तीस तास काम करावं लागतं अशी तक्रार घेऊन तो गेला, तर विद्यापीठ म्हणणार की ड्युटी लावणं रुग्णालयाचं काम. रुग्णालय म्हणणार की मनुष्यबळ शासनानं द्यायला हवं. शासन म्हणणार की नियम आयोगाचे. आणि आयोग म्हणणार की अंमलबजावणी महाविद्यालयानं करायची.

त्यात भर म्हणून तो विद्यार्थी की कर्मचारी, हेही सोयीनुसार ठरतं. याचं एक ठळक उदाहरण मुंबईतलं आहे. महापालिकेच्या रुग्णालयांत निवासी डॉक्टरांच्या विद्यावेतनातून प्राप्तिकर कापला जाऊ लागला, जणू तो पगारच आहे. ऑक्टोबर २०२१ च्या संपात ही कपात थांबवण्याची मागणी मार्डनं पुढे केली होती. पगार म्हणून कर कापायचा असेल तर मग भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा आणि कामाच्या तासांवरची मर्यादा यांनाही तोच न्याय लागायला हवा. तिथे मात्र 'तुम्ही तर शिकताय' हे उत्तर तयार असतं.

हाच पेच अमेरिकेतही होता आणि तिथे तो कायद्यानं सोडवावा लागला. तिथल्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळानं १९९९ मध्ये बोस्टन मेडिकल सेंटरच्या प्रकरणात निकाल दिला की निवासी डॉक्टर शिकत असले तरी ते कर्मचारीही आहेत, म्हणून त्यांना संघटना करून सामूहिक वाटाघाटी करण्याचा हक्क आहे. २०११ मध्ये मेयो क्लिनिकच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सामाजिक सुरक्षा कराच्या बाबतीतही त्यांना कर्मचारी धरणारा सरकारी नियम उचलून धरला. कर भरायचा, पण त्याबरोबर हक्कही मिळवायचे, असा तो हिशेब. आपल्याकडे असा एकसंध निर्णय नाही. म्हणून इथे मार्डसारख्या संघटनेचं पहिलं काम असतं तीन दारांवरची माणसं एका टेबलाशी आणून बसवणं. एकटा विद्यार्थी ते करू शकत नाही. त्याचा लॉगबुकवरचा शेरा, प्रबंधावरची सही आणि परीक्षेतले गुण ज्यांच्या हातात असतात, बहुतेक वेळा त्यांच्याविरुद्धच त्याला बोलायचं असतं.

किती तास काम करायचं, याचा नियम नाही का?

आहे. एक नाही, बरेच आहेत.

केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेत म्हटलं आहे की सलग काम साधारणपणे दिवसाला १२ तासांच्या वर जाऊ नये आणि आठवड्याला ४८ तास असावं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमावलीत कामाचे तास 'वाजवी' असावेत, विश्रांतीला पुरेसा वेळ मिळावा, आठवड्याची एक सुट्टी, वर्षाला किमान २० दिवसांची भरपगारी किरकोळ रजा आणि ५ दिवसांची शैक्षणिक रजा मिळावी, असं आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करायला आयोगानंच नेमलेल्या कृतिदलानं २०२४ च्या अहवालात आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची शिफारस केली.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहायला हवं. १९९२ मध्ये ४८ तास, आणि बत्तीस वर्षांनंतर सुधारणा म्हणून ७४ तास. म्हणजे प्रत्यक्षातली परिस्थिती इतकी पुढे निघून गेली की ७४ तास ही सवलत वाटू लागली. नियमावलीतला 'वाजवी' हा शब्दही अडचणीचा आहे. किती तास वाजवी, हे ठरवणार विभागप्रमुख, आणि त्याच्याकडे माणसं कमी असली की छत्तीस तासही वाजवी ठरतात. नियम मोडला तर कोणाला काय शिक्षा, याचं उत्तर कुठेच सापडत नाही.

बसचालकाचं उदाहरण घेऊ. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ नं चालकाला सर्वसाधारणपणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त राबवायला मनाई केली. लांब पल्ल्याच्या गाड्यांना थोडी सूट होती, पण तिलाही मर्यादा होती. ही मर्यादा चालकावर दया म्हणून घातलेली नाही. मागे चाळीस प्रवासी बसलेले असतात आणि पेंगणारा चालक गाडी दरीत घालू शकतो, हे सगळ्यांना कळतं. छत्तीस तास जागा असलेला डॉक्टर सलाइनमध्ये औषध भरतो तेव्हा तिथेही एक प्रवासी असतोच. इंजेक्शनच्या मात्रेतला दशांश चिन्हाचा घोळ घाटातल्या वळणाइतकाच घातक ठरू शकतो.

न्यूयॉर्कला हे एका मुलीच्या मृत्यूनं शिकवलं. मार्च १९८४ मध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची तरुणी ताप आणि अस्वस्थपणाच्या तक्रारीनं तिथल्या एका नामांकित रुग्णालयात दाखल झाली आणि काही तासांत दगावली. तिच्यावर उपचार करणाऱ्या निवासी डॉक्टरांवर एकाच वेळी अनेक रुग्णांचा भार होता आणि त्यांच्या पाळ्या फार लांब होत्या. तिचे वडील वकील आणि पत्रकार होते. त्यांनी प्रकरण लावून धरलं. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली आणि २००३ मध्ये ती अमेरिकाभर लागू झाली. तासांची ही लढाई एका रुग्णाच्या बापानं सुरू केली होती. आपल्याकडे अजून ती फक्त डॉक्टरांची मागणी समजली जाते.

मार्डनं आजवर मिळवलं काय?

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात अस्थिरोग विभागातल्या एका निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी जबर मारहाण केली. पाठोपाठ इतर ठिकाणीही हल्ले झाले. राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. मुंबई उच्च न्यायालयानं डॉक्टरांना कामावर परतायला सांगितलं आणि त्याच वेळी सरकारलाही सुरक्षेचं काय करणार ते विचारलं. सरकारनं महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे ११०० रक्षक नेमण्याचं आश्वासन दिलं. रुग्णाजवळ किती नातेवाईक थांबू शकतात यावर मर्यादा आणणारी पासची पद्धत तेव्हा गांभीर्यानं घेतली जाऊ लागली.

रुग्णालयातल्या हिंसाचाराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१० पासून आहे. त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. तरीही २०१७ घडलं. कागदावरचा हक्क वॉर्डाच्या दारापर्यंत आणण्यासाठी कोणालातरी पाठपुरावा करावा लागतो, आणि तो मार्डनं केला.

कोविडच्या काळातली एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही. एप्रिल २०२१ मध्ये होणारी नीट-पीजी पुढे ढकलली गेली, ती सप्टेंबरमध्ये झाली. मग आरक्षणाच्या एका मुद्द्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकलं आणि प्रवेशफेरी जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाली. एवढा काळ पहिल्या वर्षाची तुकडी रुग्णालयांत आलीच नाही. तिघांचं काम दोघांनी ओढलं, तेही महासाथीत. ऑक्टोबर २०२१ च्या संपातली शैक्षणिक शुल्कमाफीची मागणी या पार्श्वभूमीवरची होती. वर्षभर फक्त कोविड वॉर्डात राबलेल्या भावी अस्थिरोगतज्ज्ञाला हाडांची शस्त्रक्रिया शिकायला मिळाली नव्हती. जे शिकवलंच नाही त्याची फी कशी घेता, असा साधा प्रश्न होता.

जानेवारी २०२३ च्या संपात मुख्य मागणी होती वरिष्ठ निवासी डॉक्टरांची, म्हणजे एमडी-एमएस झाल्यावर रुग्णालयात काम करणाऱ्यांची, १४३२ पदं भरण्याची. हा विषय बाहेरच्यांना किचकट वाटतो, पण सोपा आहे. सरकारी महाविद्यालयात एमडी-एमएस केलेल्याला वर्षभर शासकीय सेवा करण्याचं बंधपत्र, म्हणजे बाँड, द्यावं लागतं. ते पाळलं नाही तर लाखोंचा दंड. पुढे सहायक प्राध्यापक व्हायचं तर वरिष्ठ निवासी म्हणून वर्षभराचा अनुभवही लागतो. पण ती पदंच पुरेशी नसली तर सेवा करायची कुठे? म्हणजे सेवेची सक्ती आहे आणि जागा नाही. वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांनी पदं भरण्याचं मान्य केल्यावर, सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, संप मिटला. या पदांचा फायदा रुग्णांनाही आहे, कारण वरिष्ठ निवासी वाढले की रात्रीच्या वेळी अनुभवी डॉक्टर हाताशी असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा संप झाला आणि मंत्रिमंडळानं विद्यावेतनात महिन्याला दहा हजारांची वाढ मंजूर केली.

वसतिगृहाची मागणी २०२१ च्या यादीत होती, २०२३ च्या यादीत होती आणि २०२४ च्याही. जुन्या इमारती, एका खोलीत गरजेपेक्षा जास्त मुलं, गळती, डास. क्षयरोगाच्या आणि डेंग्यूच्या रुग्णांमध्ये दिवस काढणाऱ्या डॉक्टरनं अशा खोलीत चार तास झोपायचं आणि पुन्हा वॉर्डात जायचं. निवासी डॉक्टरांना स्वतःला क्षयरोग झाल्याच्या बातम्या मुंबईत वेळोवेळी आल्या आहेत. आयोगाच्या नियमावलीनुसार राहायची सोय करणं हे महाविद्यालयाचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

पण संप करून गरीब रुग्णाला का वेठीला धरता?

सगळ्यात जड आक्षेप हाच आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. नंदुरबारहून किंवा गडचिरोलीहून मजुरी बुडवून आलेल्या माणसाची ठरलेली शस्त्रक्रिया पुढे गेली, तर त्याचं नुकसान कोणीही भरून देत नाही. मार्डचे संप अनेकदा अपघात विभाग, अतिदक्षता विभाग आणि प्रसूती कक्ष वगळून होतात. तिथे प्राध्यापकांनाही रात्रपाळीला उभं केलं जातं. पण ओपीडी आणि नियोजित शस्त्रक्रिया थांबतात, आणि त्या थांबल्याची झळ बसते ती खासगीत जाणं न परवडणाऱ्यालाच.

म्हणूनच संपाआधी काय झालं ते पाहावं लागतं. बातमी आपल्याला संपाच्या दिवशी कळते. त्याआधी अधिष्ठात्यांना निवेदन, आयुक्तांना निवेदन, मंत्रालयात शिष्टमंडळ, काळ्या फिती आणि मग नोटीस, असा काही महिन्यांचा प्रवास झालेला असतो. २०२४ च्या संपाआधीही आश्वासनावर विश्वास ठेवून तारीख पुढे नेली होती. पत्राला मिळालेलं उत्तर आणि संपाला मिळालेलं उत्तर यांतला फरक निवासी डॉक्टर तीन वर्षं पाहत असतात. पत्रानं काम झालं असतं तर कोणालाही संप नको असतो. संपाचे दिवस हजेरीतून वजा झाले तर परीक्षेला बसण्याची पात्रता धोक्यात येते आणि वर 'मेस्मा', म्हणजे अत्यावश्यक सेवांमधला संप रोखणारा कायदा, लावण्याचा इशारा असतोच.

माझं स्वतःचं मत असं की अपघात आणि अतिदक्षता विभाग कधीही बंद पडू नयेत, कितीही अन्याय झालेला असला तरी. पण जे सरकार संप बेकायदा ठरवू पाहतं, त्यानं तक्रारीचं उत्तर ठराविक मुदतीत देण्याचं बंधनही स्वतःवर घ्यायला हवं. ते बंधन नसेल तर रुग्णाला वेठीला धरण्यात दोन्ही बाजूंचा वाटा आहे.

'आम्हीही असेच शिकलो'

हे वाक्य ज्येष्ठ डॉक्टरांकडून हमखास ऐकू येतं, आणि त्यात तथ्यही आहे. शल्यचिकित्सा पुस्तकातून येत नाही. हातातून शंभर केसेस गेल्याशिवाय हात बसत नाही. तास फार कमी केले तर शिक्षण अपुरं राहील ही भीती खोटी नाही. युरोपात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आल्यावर हा वाद तिथेही बराच झाला.

पण निवासी डॉक्टरांची तक्रार शिकावं लागण्याबद्दल नाहीच. रक्ताच्या बाटल्या आणणं, रिपोर्टसाठी खिडकीवर रांग लावणं, फॉर्म भरणं यांत जाणारे तास शिकण्यात धरता येत नाहीत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात २०२३ मध्ये नेत्ररोग विभागाच्या निवासी डॉक्टरांनी आंदोलन केलं, तेव्हा त्यांची मुख्य तक्रार होती की आम्हाला शस्त्रक्रिया करायलाच मिळत नाहीत. विभागातल्या वरिष्ठांनी हे आरोप नाकारले. त्या वादात कोण किती बरोबर होतं ते बाजूला ठेवू. विद्यार्थी भांडत होते ते जास्त काम मिळावं म्हणून, मात्र ते काम शिकवणारं असावं म्हणून.

आणखी एक. तीस वर्षांपूर्वीच्या वॉर्डात इतके रुग्ण नव्हते, इतकी यंत्रं नव्हती, इतकी कागदपत्रं नव्हती, आणि नातेवाईक मोबाइलवर चित्रीकरण करत उभे नसत.

एवढं विद्यावेतन मिळतं, मग तक्रार कसली?

इतर विद्यार्थ्यांच्या मानानं हे विद्यावेतन बरं आहे, हे खरं. पीएचडी करणाऱ्या कनिष्ठ संशोधन अधिछात्राला २०२३ पासून महिन्याला ३७ हजार मिळतात, निवासी डॉक्टरला त्याहून पुष्कळ जास्त. पण निवासी डॉक्टर पंचविशी ओलांडलेला, पूर्ण वेळ रुग्णसेवा देणारा, नोंदणीकृत डॉक्टर असतो. अनेकांचं लग्न झालेलं असतं, घरी पैसे पाठवायचे असतात. आणि आकड्याइतकाच त्रास तारखेचा असतो. रक्कम कागदावर मंजूर झाली तरी दोन-तीन महिने खात्यात येत नाही, महागाई भत्त्याची थकबाकी वर्षानुवर्षं राहते. मार्डच्या निवेदनांत 'विद्यावेतन दरमहा ठरलेल्या तारखेला मिळावं' ही ओळ पुन्हा पुन्हा असते. असं काही मागावं लागू नये.

संघटनेची स्वतःची कमजोरी

संघटनेची बाजू घेताना एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या जळगाव जिल्ह्यातल्या, तडवी भिल्ल या आदिवासी समाजातल्या होत्या. त्यांच्याहून वरिष्ठ असलेल्या निवासी डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि तिघींवर गुन्हा दाखल झाला. मार्डनं त्या तिघींचं सदस्यत्व निलंबित केलं.

निलंबन योग्यच होतं, पण ते मृत्यूनंतर आलं. मार्डचं नेतृत्व बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या डॉक्टरांकडे असतं, आणि पहिल्या वर्षाच्या मुलीला सगळ्यात जास्त त्रास कधीकधी त्यांच्याकडूनच होतो. वरून आलेलं काम खाली ढकलायचं, ही साखळी वॉर्डात चालते. शासनाशी भांडणारी संघटना आपल्याच सदस्यांमधल्या उतरंडीकडे पाहायला कचरते. पहिल्या वर्षाच्या आणि राखीव प्रवर्गातल्या प्रतिनिधींना कार्यकारिणीत पक्की जागा दिली, तर तक्रार कोणाकडे न्यायची याचं उत्तर तरी त्या मुलीला मिळेल.

दुसरी कमजोरी आठवणीची. दरवर्षी पदाधिकारी बदलतात. ज्यांना आश्वासन दिलं ते पास होऊन जातात, आणि नवा अध्यक्ष पुन्हा पहिल्या पत्रापासून सुरुवात करतो. मंत्रालयातला अधिकारी मात्र तिथेच असतो. वसतिगृहाची मागणी तीन याद्यांत दिसते त्यामागे हेही एक कारण आहे. बैठकीचं इतिवृत्त सहीनिशी घेतल्याशिवाय उठायचं नाही, हा धडा मार्ड हळूहळू शिकली आहे.

जिथे संघटनाच नाही, तिथे

मार्ड नसती तर काय झालं असतं, याचा अंदाज खासगी महाविद्यालयांकडे पाहून येतो. नियम स्पष्ट आहे : खासगी महाविद्यालयानंही राज्य सरकारच्या निवासी डॉक्टरांइतकंच विद्यावेतन द्यायचं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२३ मध्ये स्वयंअर्थसाहाय्यित महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ऑनलाइन विचारलं. १०,१७८ जणांनी उत्तरं दिली, त्यांपैकी पडताळून ७,९०१ उत्तरं ग्राह्य धरली. त्यातले २,११० जण म्हणाले की आम्हाला विद्यावेतन मिळतच नाही. ४,२८८ जणांना सरकारी दरापेक्षा कमी मिळत होतं. खात्यात जमा केलेली रक्कम महाविद्यालय परत घेतं, असंही अनेकांनी लिहिलं.

नियम दोन्हीकडे एकच आहेत. फरक एवढाच की सरकारी महाविद्यालयातल्या मुलाच्या मागे बोलणारी संघटना आहे आणि खासगीतल्या मुलानं पालकांचे लाखो रुपये फीपोटी भरलेले असल्यानं तो एकटा आणि गप्प आहे.

पैसे न लागणारी एक मागणी

नवी पदं, नवी वसतिगृहं, वेळेवर विद्यावेतन यांना पैसा लागतो, वित्त विभागाची मंजुरी लागते, आणि वेळ जातो हे मान्य. पण निवासी डॉक्टर नेमके किती तास काम करतात याची अधिकृत नोंद आज बहुतेक ठिकाणी ठेवली जात नाही. हजेरीपटावर तो 'हजर' असतो. किती तास हजर, हे कुठेही लिहिलेलं नसतं. त्यामुळे ४८, ७४ की ९० हा वाद पुराव्याशिवाय चालतो आणि दर वेळी बैठकीत विरून जातो.

प्रत्येक विभागाचा ड्युटीचा तक्ता अधिष्ठात्यांच्या सहीनं दर महिन्याला महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर टाकावा आणि महिनाअखेरीस प्रत्यक्ष भरलेले तास त्याच्याशेजारी नोंदवावेत. यासाठी संगणक आहे, कारकून आहे, आणि आयोगाची नियमावलीही आहे. मार्डनं पुढच्या निवेदनात ही मागणी सगळ्यात वर लिहावी. वर्षभरात असे बारा तक्ते हाताशी आले तर उच्च न्यायालयातही ते पुरावा म्हणून ठेवता येतील, आणि रुग्णालाही वाचता येईल की आपल्याला रात्री तपासणारा डॉक्टर किती तासांचा जागा आहे.